उजवा हात देवाचा की आपला?

आमच्या आजोळच्या गावातली विष्णूची मूर्ती चोरीला गेली ती १९८३ च्या पावसाळ्यात. काळ्या पाषाणाची, दोन-सव्वादोन फुटांची, चार हातांची उभी मूर्ती. गाव कोकणातलं, देऊळ वस्तीपासून लांब, ओढ्यापलीकडे. ओढ्याला पाणी आलं की गुरवाचंसुद्धा दोन-दोन दिवस तिकडे जाणं व्हायचं नाही. तेवढ्यात कुणीतरी डाव साधला. तिसऱ्या दिवशी गुरव गेला तर गाभाऱ्यात नुसता कट्टा, आणि देवाची वस्त्रं तेवढी काढून कोपऱ्यात टाकलेली.

मी तेव्हा तालुक्याच्या गावी शाळेत शिकवत होते. निरोप आला तशी शनिवारची शाळा सुटल्यावर एसटीने गेले. मामांच्या ओटीवर पोलीस बसले होते. चहा होऊन गेला होता आणि हवालदार मूर्तीचं वर्णन लिहून घेत होते.

"हातात काय काय होतं?"

"शंख, चक्र, गदा, पद्म," मामा म्हणाले.

"ते झालं हो. कुठल्या हातात काय?"

मामा म्हणाले, वरच्या उजव्या हातात चक्र. गुरव म्हणाला, छे छे, तिथे शंख होता, मी रोज पुसतो की! आजी आतून ओरडली, की चक्र वर खरं पण डावीकडे. मग शेजारचे दोघे-तिघे त्यात पडले. हवालदारांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवून विचारलं, "उजवा म्हणजे देवाचा उजवा, की बघणाऱ्याचा उजवा?"

ओटीवर सगळे गप्प झाले. पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्यापुढे हात जोडले त्याच्या हातात काय आहे हे गावात कुणालाच छातीठोकपणे सांगता येईना.

आता ही काही बारीकसारीक बाब नाही बरं का. चार हात आणि चार वस्तू, तर त्या मांडायचे चोवीस प्रकार होतात (चार गुणिले तीन गुणिले दोन, आमच्या गणिताच्या बाईंनी मुलांना हे उदाहरण जरूर द्यावं). आणि शास्त्रात त्या प्रत्येक प्रकाराला विष्णूचं वेगळं नाव आहे. केशव, नारायण, माधव, गोविंद... संध्येच्या सुरुवातीला म्हणतात तीच चोवीस नावं. मामा ती नावं रोज सकाळी पळीपंचपात्र घेऊन म्हणत, आणि आपल्या गावचा देव त्यातला कितवा हे त्यांना ठाऊक नव्हतं. आम्ही त्याला नुसतं 'देव' म्हणत असू.

हवालदारांनी शेवटी विचारलं, "फोटो आहे का एखादा?"

फोटो दोन निघाले. एक मामेबहिणीच्या लग्नानंतरचा, देवदर्शनाचा. त्यात वधूवर छान आले होते, पण देव फुलांच्या हारात, जरीच्या उपरण्यात आणि चंदनाच्या उटीत असा बुडालेला, की आत दगड आहे की लाकूड हेही कळू नये. आणि दुसरा माझा.

त्या दुसऱ्या फोटोबद्दल सांगायला मला चाळीसएक वर्षं लागली. आज सांगते.

१९७८ साली मी सातवीच्या मुलांची सहल त्या देवळात नेली होती. त्या वर्षी देवळाचं छप्पर उतरवून नवीन कौलं घालायचं काम चाललं होतं, म्हणून देव गाभाऱ्यातून काढून बाहेरच्या पडवीत पाटावर ठेवला होता. म्हणजे पाहा, जो देव जन्मभर समईच्या उजेडात राहिला तो त्या एका महिन्यापुरता लख्ख दिवसाच्या उजेडात आला होता. माझ्याजवळ दादाचा अ‍ॅग्फा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो निघत. अकरा मी मुलांच्या पंगतीचे, ओढ्याचे आणि बैलगाडीचे काढले. बारावा उरला तेव्हा मला वाटलं, चला, देवासोबत सगळ्यांचा काढू. उंच मुलं मागे उभी केली. देव त्यांच्याही मागे!

हवालदारांनी तो फोटो उजेडात धरून पाहिला आणि परत दिला. "बाई, पोरं छान आलीत," म्हणाले. चेष्टेने नव्हे, चांगुलपणानेच म्हणाले. पण मला तो वार लागायचा तसा लागला. मूर्ती काही सापडली नाही.

हे सगळं मनात खाली जाऊन बसलं होतं. वर आलं ते सप्टेंबर २०१४ मध्ये. टीव्हीवर बातमी होती, की ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान टोनी अ‍ॅबट दिल्लीत आले आहेत आणि त्यांनी तमिळनाडूच्या देवळांतून चोरीला गेलेल्या दोन मूर्ती भारताच्या स्वाधीन केल्या आहेत. एक नटराज, ब्राँझचा, चोळ काळातला, आणि एक दगडाचा अर्धनारीश्वर. मी हातातली भाजी तशीच ठेवून बघत बसले. देव परत येतात? इतक्या लांबून? मग पुढचं वाक्य कानावर पडलं. पुदुच्चेरीच्या एका फ्रेंच संस्थेकडे या मूर्तींचे जुने फोटो होते, त्यावरून ओळख पटली.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत आले. भाचीने एस. विजय कुमार यांचं 'द आयडॉल थीफ' (२०१८) आणून दिलं. हे गृहस्थ सिंगापूरला जहाज कंपनीत नोकरी करणारे, पुरातत्त्वाशी पोटापाण्याचा काही संबंध नाही. शिल्पांवर हौसेने ब्लॉग लिहायचे आणि त्यातून चोरीच्या मूर्ती ओळखण्याच्या नादाला लागले. (घरच्यांना माझं हे रोजचं टंकन रिकामटेकडेपणाचं वाटतं, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.)

तर ती संस्था. फ्रेंच इन्स्टिट्यूट ऑफ पाँडिचेरी. १९५५ साली झाँ फिलिओझा या संस्कृतच्या पंडिताने ती उभी केली. पाँडिचेरीचा कारभार फ्रेंचांनी आदल्याच वर्षी भारताकडे दिला होता, आणि जाता जाता ही संस्था मागे राहिली. समुद्रासमोरच्या त्या इमारतीत शैव आगमांच्या पोथ्या जमवायचं आणि त्या तपासून छापायचं काम एन. आर. भट्ट आणि इतर पंडितांनी हाती घेतलं. आगम म्हणजे देऊळ कसं बांधावं, मूर्ती कशी घडवावी, पूजा कशी करावी याचे ग्रंथ. पोथीत लिहिलेलं असतं, की अमुक रूपाला इतके हात, या हातात हे, त्या हातात ते, पाय असा दुमडलेला. वाचून डोळ्यापुढे काही उभं राहत नाही. आणि पोथीत लिहिलंय तसं शिल्पी खरोखर करत होते का, हे कळायला प्रत्यक्ष मूर्ती बघायला हव्यात. म्हणून १९५६ पासून तिथली माणसं कॅमेरे घेऊन गावोगाव हिंडू लागली.

नामांकित देवळांचे फोटो सगळेच काढतात. ही माणसं आडगावातल्या, पूजा बंद पडलेल्या, छतावर पिंपळ उगवलेल्या देवळांतही गेली. पुढची तीस-चाळीस वर्षं हे काम चाललं. त्यातून साठलेला संग्रह आज दीड लाख फोटोंच्या आसपास आहे आणि बहुतेक कृष्णधवल. समोरून काढलेला सरळ फोटो. ना ढगांचा देखावा, ना दिव्यांची आरास, ना कडेला उभी असलेली परकर-पोलक्यातली मुलगी. गावाचं नाव, देवळाचं नाव, मूर्ती कुठली, साल कुठलं. कंटाळवाणे म्हणावेत असे फोटो. चोर पकडण्यासाठी ते कुणी काढले नव्हते. व्याकरणाला उदाहरणं हवीत तशी पोथीला उदाहरणं म्हणून काढले होते.

आता ते उपयोगी कसे पडले ते सांगते, कारण यातच खरी गंमत आहे. १९७२ साली आपल्याकडे पुरावस्तू आणि कलावस्तूंचा कायदा झाला. त्याआधी, १९७० मध्ये, युनेस्कोचा करारही झाला होता. त्यामुळे चोरीची मूर्ती परदेशात विकायची तर ती त्याआधीच भारताबाहेर गेली होती असं कागदावर दाखवावं लागतं. सगळं कपट त्या तारखेत असतं. मूर्ती खरी आणि वय खोटं, असं नाही. मूर्ती खरी, वय खरं, फक्त प्रवासाची तारीख खोटी!

तो नटराज अरियालूर जिल्ह्यातल्या श्रीपुरंतान गावचा. तिथलं देऊळ कुलूपबंद असायचं, नित्याची पूजा बंद पडलेली. २००६ च्या सुमारास चोरांनी तिथल्या ब्राँझच्या मूर्ती काढल्या. गावाला पत्ता लागला २००८ मध्ये, देवळातल्या मूर्ती सुरक्षित ठिकाणी हलवायला सरकारी माणसं आली तेव्हा. तोवर नटराज कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीत पोचलासुद्धा होता. न्यूयॉर्कचा दलाल सुभाष कपूर याच्याकडून गॅलरीने तो त्याच २००८ मध्ये सुमारे पन्नास लाख डॉलरना घेतला. सोबतचे कागद सांगत होते, की मूर्ती १९७२ च्या आधीच भारताबाहेर गेली. आणि पुदुच्चेरीचा फोटो सांगत होता, की १९९४ मध्ये ती श्रीपुरंतानच्या देवळात उभी आहे.

अर्धनारीश्वर विरुद्धाचलमच्या देवळातला, बाहेरच्या भिंतीतल्या कोनाड्यातला. सिडनीच्या आर्ट गॅलरी ऑफ न्यू साउथ वेल्सने तो २००४ मध्ये त्याच कपूरकडून घेतला. त्याच्या कागदांत दिल्लीतल्या एका दुकानाची १९७० ची पावती होती. पुदुच्चेरीच्या संग्रहात त्याचा कोनाड्यातला फोटो आहे, तो १९७४ चा. चार वर्षांचा फरक! फोटो काढणारा पाच वर्षं आधी त्या गावी जाऊन आला असता तर हा पुरावा उभा राहिला नसता. त्या माणसाने त्या दिवशी एक बटण दाबलं, वहीत एक ओळ लिहिली आणि तो पुढच्या गावाला गेला.

कपूरला २०११ मध्ये जर्मनीत पकडलं, २०१२ मध्ये भारतात आणलं, आणि २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने मूर्तिचोरीच्या खटल्यात त्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

फोटोत काय जुळवून बघतात, हे मला नीट समजलं ते ब्राँझ कसं ओततात हे वाचल्यावर. आधी मूर्ती मेणाची करायची, तिच्यावर माती लिंपायची, भट्टीत मेण वितळून वाहून जातं, त्या पोकळीत धातू ओततात, आणि मग मातीचा साचा फोडावाच लागतो. म्हणजे एका साच्यातून एकच मूर्ती. हजार नटराज सारखे दिसले तरी एकाच्या प्रभावळीत जितक्या ज्वाळा तितक्या दुसऱ्याच्या नसतात, एखादी ज्वाळा वाकलेली असते, बोटाचं टोक गेलेलं असतं. दगडाला तर टवके, भेगा, झिजलेलं नाक. आपल्याला जे वैगुण्य वाटतं तेच ओळख पटवतं. आमच्या वेळी शाळेच्या दाखल्यावर शरीरावरची खूण लिहीत, 'डाव्या भुवईवर तीळ', तसंच!

आणि या खुणा कृष्णधवल फोटोत जास्त दिसतात, असं माझा एक विद्यार्थी म्हणतो. त्याच सहलीतला, त्याच फोटोतला. मागच्या रांगेतला सगळ्यात उंच. पुढे तो फोटोग्राफीत शिरला आणि आज त्याची हयात जुन्या देवळांच्या शिल्पांचे नोंदीसाठी फोटो काढण्यात गेली आहे. मी त्याला एकदा विचारलं, की अरे, रंगीत फोटो असताना तुम्ही लोक काळ्या-पांढऱ्यात का काढत होता? पैसे वाचवायला?

"थोडं तेही," तो म्हणाला. "पण बाई, रंग टिकत नव्हता. तुमच्या कपाटातले सत्तर सालचे रंगीत फोटो काढून बघा." काढले. सगळी लग्नघरं गुलाबी झालेली! रंगीत फिल्मचे रंग ही रसायनं असतात, ती उडतात. कृष्णधवल फोटोत चांदीचे कण असतात. फोटो हायपोत नीट पक्का केला आणि मग वाहत्या पाण्यात पुरेसा धुतला, तर तो माणसापेक्षा जास्त जगतो. "पुरेसा धुतला तर," यावर त्याचा जोर होता. घाईघाईत धुतलेले, हायपो अंगात राहिलेले फोटो पिवळे पडतात. आणि निगेटिव्ह गरम, दमट जागी ठेवल्या तर फिल्मला शिरक्याचा वास येऊ लागतो, ती आकसते. कोकणातल्या कपाटात जे काही ठेवाल ते असंच जाणार.

दुसरी गोष्ट त्याने मला टेबलावर वाटी आणि बॅटरी घेऊन दाखवली. समोरून उजेड टाकला की वाटीवरची नक्षी सपाट होते. बॅटरी बाजूला नेऊन उजेड अगदी घासून टाकला की प्रत्येक रेघेला सावली येते. शिल्पाचं तसंच. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उडवला की मूर्तीचा कागद होतो. त्यापेक्षा दारातून तिरपा येणारा सकाळचा उजेड बरा, आणि दुसऱ्या बाजूने पांढरी चादर धरायची म्हणजे सावल्या फार काळ्या होत नाहीत. आपल्याकडच्या तेल प्यालेल्या काळ्या पाषाणाची आणखी कटकट. तो उजेड गिळतो, आणि जिथे तेल ओलं असतं तिथे चमकतो. मग वेळ द्यायचा, कॅमेरा स्टँडवर ठेवून दोन-दोन सेकंद झडप उघडी ठेवायची आणि तेवढा वेळ श्वाससुद्धा जपून घ्यायचा. मूर्तीजवळ मोजपट्टी ठेवायची. समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक, आणि जमलं तर पाठीमागूनही. देवाची पाठ कोण बघतं? पण छिन्नीचे खरे घाव तिथेच राहिलेले असतात.

हे सगळं नवीन नाही. कॅप्टन लिनियस ट्राइप याने मद्रास सरकारसाठी १८५८ मध्ये हेच केलं. अमरावतीच्या स्तूपाची कोरीव शिल्पं तेव्हा मद्रासच्या संग्रहालयात होती. त्यांचे पंच्याहत्तर फोटोंचे संच त्याने तयार केले, आणि पुढच्याच वर्षी ती शिल्पं जहाजाने लंडनला गेली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्याच ट्राइपने तंजावरच्या बृहदीश्वराच्या जोत्यावरचे शिलालेख एकवीस तुकड्यांत टिपून ते जोडले. फोटो झाला जवळजवळ एकोणीस फूट लांब! आपल्याकडे पुण्यात कचेरी असलेल्या पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम मंडळाचे हेन्री कझिन्स यांनी दख्खनची देवळं टिपली, त्यांचं पुस्तक १९३१ मध्ये आलं. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेने १९६५ मध्ये वाराणशीला असाच मोठा संग्रह सुरू केला, तो पुढे गुरुग्रामला गेला. पण कुठेही पाहा, आधी येतात ती मोठी देवळं. सिन्नर, अंबरनाथ. ओढ्यापलीकडच्या कौलारू देवळातल्या देवाला कोण विचारतो? पुदुच्चेरीच्या माणसांबद्दल मला माया वाटते ती एवढ्यासाठी, की ते श्रीपुरंतानसारख्या गावात गेले.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मी हे मामांना (ते तेव्हा नव्वदीला आलेले) सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे देवाची वस्त्रं उतरवून त्याचा फोटो काढायचा? आणि तो कुणीही बघायचा?" मी हसले नाही. त्यांचं म्हणणं मला पटतं. गाभाऱ्यातला देव ही त्यांच्या लेखी वस्तू नव्हे. तो घरातला मोठा माणूस, त्याची अंघोळ, त्याचं नेसणं आपण करतो ती सेवा म्हणून, बघायला म्हणून नाही. पुष्कळ देवळांत आजही गाभाऱ्यात कॅमेरा नेऊ देत नाहीत आणि मला त्याचा राग येत नाही. शिवाय माझ्या मनात एक वेगळीच शंका येते. छापलेला फोटो चोरालाही दिसतोच ना? कुठल्या गावात काय आहे याची ती यादीच नाही का? विद्यार्थ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "बाई, चोराला यादी कुठूनही मिळते. गावाला मिळत नाही."

पण झाकलेल्या देवाचं काय होतं त्याची एक गोष्ट आहे, ती मामांना मी सांगितली. कुंभकोणमजवळच्या शिवपुरम् गावात १९५१ मध्ये शेत नांगरताना ब्राँझच्या मूर्ती सापडल्या, त्यात दहाव्या शतकातला एक नटराज. मूर्ती देवळाकडे आल्या. १९५४ मध्ये त्या डागडुजीला दिल्या. परत आल्या त्या नकला! गाव त्यांनाच नमस्कार करत राहिलं. आणि खरा नटराज कुठे? तर आपल्या मुंबईत, एका खाजगी संग्रहात. हे जगजाहीर केलं ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेट यांनी, १९६५ मध्ये, आणि त्यांचं ते चोळ ब्राँझवरचं पुस्तक मुंबईच्याच भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटने छापलेलं होतं! तरीही १९७३ मध्ये अमेरिकेच्या नॉर्टन सायमन यांनी तो नऊ लाख डॉलरना विकत घेतला. भारताने दावा लावला, तडजोड झाली, आणि नटराज भारतात आला तो १९८६ मध्ये.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या नकलेचीही पूजा लागूच झाली असेल." हे उत्तर मला अजून पुरतं उलगडलेलं नाही.

पण त्यांनीच गुरवाच्या मुलाला सांगितलं. २०१५ च्या मार्गशीर्षात आम्ही गावी गेलो. गाभाऱ्यात आता संगमरवरी विष्णू आहे, १९८५ साली वर्गणी काढून आणलेला, त्याला गाव मनापासून मानतं. त्याचा फोटो आम्ही मागितला नाही. देवळात आणि आवारात जे जुनं उरलंय तेवढंच घेतलं. मंडपातला एक गणपती, एक हात तुटलेली देवी, दोन वीरगळ, आणि पाणवठ्यावर कपडे धुवायला उपयोगात असलेला एक कोरीव दगड. गणपतीची पूजा व्हायची म्हणून गुरवाच्या मुलाने अट घातली, की पहाटे स्नानाच्या वेळी, वस्त्रं नेसवायच्या आधी, आणि त्याच्या देखत. आम्ही चपला काढून अंधारात उभे राहिलो. उजाडलं तसा पूर्वेच्या दारातून उजेड आत सरकला आणि गणपतीच्या पोटावर कोरलेला नाग मला जन्मात पहिल्यांदा दिसला. चादर धरायचं काम माझ्याकडे होतं. हात भरून आले, पण हलवले नाहीत. विद्यार्थ्याने मुद्दाम फिल्मचा जुना कॅमेरा आणला होता. सोबत डिजिटलही काढले. एक संच ग्रामपंचायतीत, एक गुरवाकडे, एक माझ्याकडे. मागे पेन्सिलने गाव, जागा, उंची, तारीख.

निघताना मी त्याला पिशवीतून ते १९७८ चं पाकीट काढून दिलं. निगेटिव्ह मी टाकली नव्हती. त्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह चांगली मोठी, सव्वादोन इंच चौरस. तो म्हणाला, बघतो काही निघतंय का.

महिन्याभराने पाकीट आलं. आत एकच फोटो होता, पोस्टकार्डाएवढा, दाणेदार, जरा धूसर. डावीकडे एका मुलाचा कान आणि तेल चोपडलेले केस, म्हणजे त्याचे स्वतःचेच! कानाच्या पलीकडे उपरण्याची कड, आणि त्या कडेवर उचललेला एक दगडी हात. कोपरापासून वरचा, बोटं मिटलेली, आणि त्या बोटांवर काठाला काठ लावून उभं असलेलं चक्र. त्याच्या कडेला एक टवका. बाकीचे तीन हात मुलांच्या मागे.

हात फोटोत उजवीकडे आहे. म्हणजे बघणाऱ्याचा उजवा, देवाचा डावा. आजी बरोबर होती. ती तेव्हा जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. मामांना फोन करून सांगितलं, तर आधी म्हणाले "असं होय," आणि मग थोड्या वेळाने, "मग राहिली किती?"

मला आधी कळेना. मग लक्षात आलं आणि मी कागद घेतला. वरच्या डाव्या हातात चक्र धरलं, तर उरलेल्या तीन हातांत तीन वस्तू. तीन गुणिले दोन.

"सहा," मी म्हणाले.

चोवीस नावांतली सहा राहिली आहेत. फोटोच्या मागे पेन्सिलने मी तेवढंच लिहून ठेवलं आहे, खाली १९७८ घातलं आहे, आणि टवक्याची जागा लिहिली आहे.